पलंगपोसाचा पडदा

श्रोतेहो, आपल्याकडच्या जुन्या घरांत माजघराच्या दारावर तसबिरींची एक ओळ असे. मधोमध देवादिक, आणि त्यांच्या शेजारी घरातल्या वडीलधाऱ्यांचा एखादा फोटो. आजोबा खुर्चीवर बसलेले, अंगात कोट, डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर. बाजूला आजी उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिवईवर फुलदाणी किंवा घड्याळ. आणि मागे पडद्यावर रंगवलेला महाल, त्याचा जिना, लांबवर एक तळे. आता आजोबांच्या नशिबी महाल कधी नव्हता. कोटही पुष्कळदा फोटोवाल्याकडचाच असे, आणि घड्याळ तर हमखास त्याचेच. मग हा फोटो खोटा म्हणायचा काय? आणि दुसरा प्रश्न असा, की हा फोटो काढला कोणी? आजोबांचे नाव आपण सांगू, गाव सांगू, कुळी सांगू. पण फोटोवाल्याचे नाव विचारले तर शंभरांतल्या नव्वद घरांत कुणाला सांगता यायचे नाही.

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला आज मी तुम्हाला जरा दूर, पश्चिम आफ्रिकेतल्या बामाको शहरात नेणार आहे. नायजर नदीच्या काठचे हे शहर आज माली देशाची राजधानी आहे. १९६० पूर्वी हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि त्याला फ्रेंच सूदान म्हणत. डाकार बंदरापासून निघालेली रेल्वे बामाकोला येई. त्यामुळे व्यापारी, कारकून, शिपाई, नशीब काढायला निघालेले तरुण अशी नाना तऱ्हेची माणसे या गावात उतरत. अशा या गावात १९२१ च्या सुमारास सेदू केइता नावाचा मुलगा जन्मला. शाळेची पायरी तो चढला नाही. लहानपणापासून घरच्यांबरोबर सुतारकामाला लागला, आणि खुर्च्या, पलंग, कपाटे करण्यात त्याचा हात बसला. सगळे सुरळीत चालले असते तर सेदू केइता हा बामाकोतला एक चांगला सुतार म्हणून जगला असता आणि त्याचे नाव आपल्या कानी येण्याचे काही कारण नव्हते.

पण १९३५ मध्ये त्याचा काका सेनेगालहून परत आला आणि पुतण्यासाठी एक लहानसा कोडॅक ब्राउनी कॅमेरा घेऊन आला. एका फिल्मवर आठ फोटो निघत. मुलगा घरच्यांचे, शेजाऱ्यांचे फोटो काढू लागला. अर्थात पहिले फोटो बिघडले. हात हलला, समोरचा माणूस हलला, कुणाचे डोके कापले गेले. कॅमेरा हाती आला म्हणजे कला हाती येते असे नाही. ती शिकावी लागते, आणि शिकवणारा भेटावा लागतो.

केइताला असे दोघे भेटले. एक पिएर गार्निए नावाचा फ्रेंच दुकानदार. त्याच्या दुकानी कॅमेऱ्याचे सामान मिळे, आणि तिथे केइता फिल्म धुणे, कागदावर उतरवणे पाहून पाहून शिकला. दुसरा मुंतागा देंबेले. हा पेशाने शाळामास्तर, आणि हौसेने व पुढे धंद्याने फोटोग्राफर. मास्तरांच्या अंधाऱ्या खोलीत केइताने छपाईचे काम गिरवले. शाळेत न गेलेल्या मुलाला एका शाळामास्तराने अशा तऱ्हेने विद्या दिली, ही गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकाला विशेष वाटते. दिवसा सुतारकाम आणि उरलेल्या वेळी फोटो, असे तेरा वर्षे चालले. तेरा वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे. कलावंताच्या चरित्रात आपण पहिला कॅमेरा आणि पहिले प्रदर्शन यांच्या तारखा वाचतो. मधल्या काळात तो काय करत होता, हे मात्र आपण उडवून लावतो.

१९४८ मध्ये केइताने स्वतःचा स्टुडिओ थाटला. जागा बामाको-कुरा वस्तीतली, म्हणजे शब्दशः 'नवे बामाको'. घर वडिलांनी दिलेले, शहरातल्या तुरुंगाजवळचे. रेल्वे स्टेशनही फार लांब नव्हते. ही जागा धंद्याच्या दृष्टीने सोन्यासारखी ठरली. त्याचे मदतनीस नमुन्याचे फोटो हाती घेऊन स्टेशनाकडे आणि बाजारात फिरत आणि गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला स्टुडिओची वाट दाखवत. शनिवारी तर रांग लागे, असे तो म्हातारपणी सांगत असे.

त्याचा कॅमेरा तिवईवर उभा करायचा, जुन्या बांधणीचा. निगेटिव्हचा आकार १३ सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर. आता हे मोजमाप मी मुद्दाम सांगतो. निगेटिव्ह एवढी मोठी असली की मोठी करून छापण्याचे यंत्र लागत नाही. निगेटिव्ह सरळ कागदावर ठेवायची, उजेड दाखवायचा, की तेवढ्याच आकाराचा फोटो तयार. खर्च कमी, आणि चेहऱ्यावरची रेघन् रेघ स्पष्ट. पण तो आकारमानाचा फिल्मचा ताव महाग. म्हणून एका गिऱ्हाइकाचा फोटो एकदाच काढायचा, दुसरी संधी नाही. खटका दाबण्यापूर्वी सगळे जुळवून घ्यायचे. मान किती वळवायची, बोटे कशी पसरायची, पायघोळ झग्याची चूण कुठे पडू द्यायची, हे सारे केइता आपल्या हाताने करी. अंगणात, दिवसाच्या उजेडात, भिंतीला पाठ करून माणूस बसवायचा आणि क्षणभर श्वास रोखायला सांगायचे. रंधा मारलेली फळी डोळ्याजवळ धरून सुतार जशी तिची सूत पाहतो, तशी ही नजर. सुतारकी फुकट गेली नाही, असे मला वाटते.

आणि पडदा? रंगवलेला महाल त्याच्याकडे नव्हता. स्टुडिओ काढला तेव्हा त्याने घरातला स्वतःचा पलंगपोस काढला आणि भिंतीवर ताणून लावला. त्या पलंगपोसाला झालर होती. तो सहा वर्षे, १९५४ पर्यंत, चालला. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलत गेला. कधी पानाफुलांचा, कधी वेलबुट्टीचा. म्हातारपणी हजारो निगेटिव्ह समोर ठेवून कुणी विचारले की हा फोटो कधीचा, तर केइता माणसाकडे नव्हे, मागच्या पडद्याकडे बघे आणि साल सांगे. झालर दिसली की १९४८ ते १९५४. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नाणी, शिलालेख, मोडी दफ्तरे यांवरून काळ ठरवायला शिकवतात. इथे एक पलंगपोस काळ सांगतो आहे. साधन कुठून हाती लागेल ते सांगता येत नाही, हे खरे.

या पडद्यासमोर बामाकोच्या बाया ठसठशीत नक्षीची वस्त्रे नेसून बसत. वस्त्राची नक्षी आणि पडद्याची नक्षी एकमेकींत मिसळत, आणि त्यातून चेहरा आणि हात तेवढे वर उमटत. आज मोठमोठे समीक्षक या मिश्रणाचे गुण गातात. केइताचे स्वतःचे म्हणणे साधे होते: पुष्कळदा तो निव्वळ योगायोग असे.

स्टुडिओत आणखी पुष्कळ वस्तू होत्या. तीन युरोपी पोशाख, टाय, बूट, हॅट. फाउंटन पेन, मनगटी घड्याळ, टेलिफोन, रेडिओ, कागदी आणि प्लॅस्टिकची फुले. सायकल आणि स्कूटर. पुढे त्याने स्वतःसाठी पूजो कंपनीची मोटार घेतली तेव्हा तीही फोटोत येऊ लागली. ज्याला जे हवे ते त्याने हाती घ्यावे. श्रोतेहो, इथे आपला पहिला प्रश्न परत येतो. उसना कोट घातलेला हा तरुण खोटे बोलतो आहे काय?

जरा विचार करा. त्या काळी आफ्रिकेतल्या माणसाचे जे फोटो युरोपात जात, त्यांतले पुष्कळसे परक्यांनी काढलेले असत. कॅमेऱ्यामागे अधिकारी, मिशनरी किंवा प्रवासी, कॅमेऱ्यापुढे 'नमुना'. अमुक जमातीचा पुरुष, तमुक जमातीची स्त्री. समोरच्याला कसे दिसायचे आहे हे कुणी विचारत नसे. केइताच्या अंगणात गिऱ्हाईक स्वतः चालत येई, स्वतः पैसे मोजी, स्वतःला हवी ती वस्तू हाती घेई, आणि फोटो घरच्या भिंतीवर लावी किंवा परगावच्या नातेवाइकांना धाडी. हा माणूस 'मी असा आहे' एवढेच म्हणत नव्हता, 'मला असा होऊ द्या' असेही म्हणत होता. फाउंटन पेन उसने असेल, पण लिहिता यावे ही इच्छा उसनी नव्हती. तेव्हा माझे उत्तर असे की फोटो खोटा नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने तर तो दुप्पट खरा; कारण माणसाच्या जवळ काय होते याची नोंद सरकारी कागदांत सापडते, त्याला काय हवे होते याची नोंद सहसा कुठेच सापडत नाही.

त्या भागातल्या बामाना भाषेत एक शब्द आहे, 'जा'. त्याचा अर्थ सावली. आणि फोटोलाही तोच शब्द. आपणही फोटोला छायाचित्र म्हणतोच की! पण त्यांच्या शब्दाला आणखी एक पदर आहे. 'जा' म्हणजे माणसाच्या ठायी असलेले त्याचे दुसरे रूप, त्याच्या जिवाचा अंशच म्हणा ना. तो ज्याच्या हाती द्यायचा तो माणूस विश्वासाचा हवा. गावातल्या अंगणात, ओळखीच्या माणसासमोर बसण्याला म्हणून महत्त्व होते.

याच लोकांच्या भाषेत आणखी दोन शब्द आहेत, 'बादेन्या' आणि 'फादेन्या'. बादेन्या म्हणजे एका आईच्या लेकरांचे नाते: माया, मिळून राहणे, एकमेकांना सांभाळणे. फादेन्या म्हणजे एका बापाच्या, पण निरनिराळ्या आयांच्या मुलांचे नाते: चुरस, ईर्षा, भावाच्या वरचढ होण्याची, बापाचे नाव मागे टाकण्याची धडपड. आपल्या 'भाऊबंदकी' या शब्दात नुसता कडवटपणा उरला आहे. त्यांच्या फादेन्याला मात्र पराक्रमाचीही बाजू आहे. पराक्रमी पुरुष चुरशीतून निपजतो, पण गाव टिकते ते मायेवर, असा त्यांचा हिशेब. कलावंताची घडण समजून घ्यायला मला हे दोन शब्द फार उपयोगी वाटतात. काकाने कॅमेरा दिला, वडिलांनी जागा दिली, मास्तरांनी विद्या दिली, ही बादेन्या. आणि गावातल्या इतर फोटोवाल्यांपेक्षा माझा फोटो स्वच्छ निघाला पाहिजे, त्याच्या पाठीवर माझ्या नावाचा शिक्का पाहिजे, ही फादेन्या. दोन्हींवाचून केइता झाला नसता. नुसत्या मायेत कला आळसावते, आणि नुसत्या चुरशीत ती एकटी पडते.

१९६० च्या सप्टेंबरात माली स्वतंत्र झाला. नव्या सरकारला आपला फोटोग्राफर हवा होता. १९६२ च्या सुमारास केइताला बोलावणे आले. स्वतंत्र देशाचे बोलावणे, नाही कसे म्हणायचे? तो सरकारी नोकरीत गेला, आणि अंगणातला स्टुडिओ लवकरच बंद झाला. १९७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि मोटारी, मोपेडी दुरुस्त करण्यात रमला. केइताची आज जी कीर्ती आहे ती स्टुडिओच्या त्या चौदा-पंधरा वर्षांवर उभी आहे. नोकरीतल्या पंधरा वर्षांतले काम कुणाच्या फारसे ओठावर नाही. यातून सरकारी नोकरीविरुद्ध निष्कर्ष काढण्याची मला घाई नाही. पण अंगणात गिऱ्हाईक सांगे, मला असा दाखव. नोकरीत साहेब सांगे, समारंभ असा दाखव. या दोहोंतला फरक फोटोत उतरल्याशिवाय कसा राहील?

केइताचा स्टुडिओ मावळत होता, तेव्हा त्याच गावात दुसरा एक फोटोग्राफर उगवत होता. मालिक सिदिबे. जन्म १९३५-३६ चा, सोलोबा नावाच्या खेड्यातला. लहानपणी गुरे राखली. चित्रकलेत हात चांगला म्हणून बामाकोच्या कलाशाळेत आला आणि १९५५ मध्ये दागिने घडवण्याचे शिक्षण पुरे केले. एका फ्रेंच फोटोग्राफरला आपले दुकान सजवून घ्यायचे होते, त्यासाठी हा मुलगा पाठवला गेला आणि तिथेच उमेदवारीला राहिला. मालक गोऱ्यांच्या समारंभांना जाई, सिदिबे आफ्रिकी लोकांच्या. पुढे बागदाजी वस्तीत त्याने 'स्टुडिओ मालिक' काढला.

केइताकडे माणसे स्तब्ध बसत. सिदिबेकडे ती नाचत. त्याच्यापाशी हलका कॅमेरा आणि फ्लॅश होता. नव्या स्वातंत्र्याची ती वर्षे. तरुणांनी मंडळे काढलेली, शनिवारी रात्री ग्रामोफोनवर परदेशी तबकड्या लावून नाच चाले. सिदिबे सायकलवर बसून एका रात्रीत तीन-चार ठिकाणी हजेरी लावी, पहाटे परत येऊन फिल्म धुई, आणि छोटे छोटे फोटो क्रमांक घालून जाड कागदावर चिकटवी. ते कागद स्टुडिओबाहेर लागले की पोरांची झुंबड उडे. ज्याला आपला फोटो हवा त्याने क्रमांक सांगावा. १९६३ च्या नाताळच्या रात्री काढलेला त्याचा एक फोटो आज जगप्रसिद्ध आहे. भाऊ आणि बहीण, कपाळाला कपाळ लागेल इतके वाकून, पावलांकडे बघत नाचताहेत. बहीण अनवाणी आहे. एका देशाचा उमेदीचा काळ त्या चार पावलांत सापडतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, नावाकडे, येतो. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला विसाव्या शतकातल्या आफ्रिकी कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात बामाकोतले काही अप्रतिम फोटो होते, आणि त्यांखाली लिहिले होते: अज्ञात छायाचित्रकार. आंद्रे मान्यँ नावाचा फ्रेंच जाणकार त्या फोटोंच्या नकला घेऊन बामाकोला गेला आणि फोटोवाल्यांची चौकशी करू लागला. टॅक्सीवाल्याने त्याला नेऊन पोचवले सिदिबेच्या दारात. सिदिबेने एकदा बघितले आणि सांगितले, हे माझे नव्हेत, हे सेदू केइताचे. आणि तो त्याला केइताकडे घेऊन गेला.

श्रोतेहो, या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. सिदिबेला गप्प बसता आले असते. निदान 'मला माहीत नाही' एवढे तरी म्हणता आले असते. एकाच गावातले, एकाच धंद्यातले दोघे. चुरशीला जागा भरपूर होती. पण सिदिबे बादेन्याला जागला. केइताचे नाव परत मिळाले ते संग्रहालयाच्या दफ्तरातून मिळाले नाही. ते मिळाले शेजाऱ्याच्या ओळखीतून.

पुढचे सगळे वेगाने झाले. १९९४ मध्ये पॅरिसला केइताचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याच वर्षी बामाकोमध्ये आफ्रिकी छायाचित्रकलेचा महोत्सवही सुरू झाला. केइता २००१ मध्ये पॅरिस येथे वारला. सिदिबेला २००३ चे हासेलब्लाड पारितोषिक मिळाले, आणि २००७ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनाने त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. छायाचित्रकाराला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि आफ्रिकी कलावंतालाही. सिदिबे २०१६ मध्ये गेला.

कीर्तीबरोबर कज्जेही आले. केइताच्या निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात असाव्यात यावरून त्याच्या अखेरच्या काळात आणि मृत्यूनंतर वाद झाले. तळहाताएवढे किंवा वहीच्या पानाएवढे फोटो आता भिंतभर मोठे करून छापले जाऊ लागले. ते सुंदर दिसतात यात शंका नाही. पण मूळचा फोटो हातात धरून बघण्यासाठी, पत्राबरोबर धाडण्यासाठी होता. तो भिंतभर झाला की त्याचे मालक बदलतात, किंमत बदलते, आणि बघणाराही बदलतो. शिवाय केइताचे नाव सापडले तरी फोटोतल्या माणसांचे काय? त्यांतल्या बहुतेकांखाली आजही 'शीर्षक नाही' एवढेच छापलेले असते. म्हणजे आपल्या घरी आजोबांचे नाव ठाऊक आणि फोटोवाल्याचे हरवलेले. पॅरिसला फोटोवाल्याचे नाव ठाऊक आणि आजोबांचे हरवलेले! दोन्ही नावे एकत्र असतील तेव्हाच त्या कागदाचा इतिहास पुरा होईल.

आणि हे काम आपल्याला परक्यावर सोडता येणार नाही. मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. १८५४ मध्ये तिथे छायाचित्रण मंडळी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर नावाजलेले फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग निघाला. तिथून ही कला जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. पण त्या गावोगावच्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह आज कुठे आहेत? माझ्या माहितीतल्या एका गावी जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा काचेच्या निगेटिव्ह धुऊन, खरवडून, काच म्हणून वापरल्या गेल्या. एका घराच्या खिडकीच्या तावदानाकडे बोट दाखवून मला हे सांगण्यात आले. तावदान अगदी स्वच्छ होते. त्यावर कोणाचा चेहरा होता ते कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून आज घरी गेल्यावर, किंवा घरीच ऐकत असाल तर हे भाषण संपल्यावर, एवढे करा. तो जुना फोटो भिंतीवरून उतरवा. चौकटीतून अलगद काढून पाठ बघा. एखादा पुसट शिक्का दिसेल, एखादे नाव, गाव, पेठ. ते उतरून घ्या. शिक्का नसेल तर घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाला विचारा, आणि गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या फोटोवाल्यालाही विचारा. तो कदाचित एकदाच बघेल आणि म्हणेल, हा माझा नव्हे, पण कोणाचा ते मी सांगतो.